एकच बुद्ध्यांक, दोन वेगळी मुलं : जे. पी. दास यांच्या संशोधनाबद्दल

अनुस्वार

गेली पंधरा वर्षं मी शाळकरी मुलांच्या चाचण्या घेते. सगळे ज्यांना 'आयक्यू टेस्ट' म्हणतात त्या. सुरुवातीच्या काळातली दोन मुलं अजून डोक्यातून जात नाहीत. दोघंही चौथीत, दोघांचा बुद्ध्यांक ८८, आणि तक्रारही एकच: वाचन कच्चं. मुलगा शब्दाशब्दाला अडखळायचा, 'समजूत'चं 'सजमूत' करायचा. पण तोच धडा मी वाचून दाखवला की गोष्टीतला म्हातारा का रागावला हे नेमकं सांगायचा. मुलगी घडाघडा वाचायची आणि पुस्तक मिटून 'काय वाचलंस?' विचारलं की गप्प. दोघांच्या अहवालात तोच आकडा आणि तीच शिफारस: 'वाचनाचा अधिक सराव द्यावा.' ती शिफारस माझ्याच हातची होती आणि दोघांपैकी एकाच्याही कामाची नव्हती.

पुढे काही वर्षांनी जगन्नाथ प्रसाद दास यांचं लेखन वाचलं आणि या दोघांमधला फरक मांडायला पहिल्यांदा शब्द मिळाले. मराठीत त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही, म्हणून हा धागा.

दास मूळचे ओडिशाचे. लंडन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी पीएच.डी. केली आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते कॅनडात, एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात गेले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या अभ्यासासाठी तिथे जे केंद्र उभं राहिलं, त्याला आज त्यांचंच नाव आहे. 'सर्वांत हुशार कोण' यापेक्षा 'हे मूल नेमकं कुठे अडतंय' हा प्रश्न त्यांच्यासमोर रोजचा होता. त्यांच्या सिद्धांताची घडण त्यातूनच झाली असं मला वाटतं.

थोडं मागे जाते. १९०४ मध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखवलं की एका विषयात पुढे असणारं मूल बाकीच्या विषयांतही साधारण पुढेच असतं, आणि त्यामागे एकच सामान्य बुद्धी आहे अशी मांडणी केली. १९०५ मध्ये पॅरिसला आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी ३० प्रश्नांची श्रेणी बनवली. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत देता यावी यासाठी. १९१२ मध्ये विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला (मूल ज्या वयाच्या मुलांइतके प्रश्न सोडवतं त्या वयाला) खऱ्या वयाने भागलं, १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणलं. हाच बुद्ध्यांक. बिनेंनी मदतीसाठी चाचणी केली होती, पण वापरणाऱ्यांच्या हाती उरला तो भागाकार.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. नेहमीच्या बुद्धिचाचण्यांत शब्दसंग्रह, सामान्य ज्ञान, तोंडी गणितं असतात. यातलं बरंचसं मूल वाचनातून आणि शाळेतून कमावतं. ज्याला वाचता येत नाही त्याचा शब्दसंग्रह वर्षागणिक मागे पडत जाणार. (कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हेच मांडलं: वाचणारे अधिक शिकतात, न वाचणारे अधिकाधिक मागे राहतात.) मग तोच शब्दसंग्रह मोजून 'बुद्धी कमी म्हणून वाचन कमी' असं म्हणणं म्हणजे परिणामालाच कारण ठरवणं आहे. दास आणि त्यांचे सहकारी जॅक नॅग्लिएरी यांचा मूळ आक्षेप हाच. शाळेत शिकवलेलं मोजू नका, मूल माहिती कशी हाताळतं ते मोजा.

यासाठी त्यांनी आधार घेतला रशियन मेंदूतज्ज्ञ अलेक्झांडर लुरिया यांचा. दुसऱ्या महायुद्धात डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांना लुरियांनी जवळून अभ्यासलं होतं. मेंदूचा कुठला भाग दुखावल्यावर माणसाचं काय जातं आणि काय शाबूत राहतं, यावरून त्यांनी मेंदूच्या कामाचे तीन मोठे विभाग मांडले: एक जागं आणि सावध ठेवणारा, दुसरा आलेली माहिती घेऊन ती लावून ठेवणारा, तिसरा, कपाळामागचा, बेत आखणारा आणि आपल्याच कामावर नजर ठेवणारा. दुसऱ्या विभागाचं काम दोन तऱ्हांनी चालतं. अनेक तुकडे एकाच वेळी नजरेत घेऊन त्यांचं चित्र बनवणं ही एक, आणि एकामागोमाग एक येणारे तुकडे त्याच क्रमाने धरून ठेवणं ही दुसरी. दास, जॉन कर्बी आणि रोनाल्ड जार्मन यांनी १९७५ मध्ये या दोन तऱ्हांवरचा लेख प्रसिद्ध केला. पुढे त्यात नियोजन आणि अवधान (लक्ष देणं) आले आणि चार प्रक्रियांचा 'पास' सिद्धांत तयार झाला: नियोजन, अवधान, समकालिक प्रक्रिया, क्रमिक प्रक्रिया. इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पास'. परीक्षेतल्या पासशी संबंध नाही.

१९९७ मध्ये दास आणि नॅग्लिएरी यांची चाचणी आली, 'कॉग्निटिव्ह असेसमेंट सिस्टीम', थोडक्यात 'कॅस'. ५ ते १७ वयोगटासाठी. १२ उपचाचण्या, प्रत्येक प्रक्रियेसाठी ३. मानकं अमेरिकेतल्या २,२०० मुलांवरून काढलेली. प्रत्येक प्रक्रियेचा वेगळा गुणांक मिळतो, सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरून. खरे प्रश्न इथे लिहिणार नाही, ते उघड झाले की चाचणी निकामी होते. पण जातकुळी सांगते. क्रमिक प्रक्रियेत ओळीने ऐकवलेले शब्द त्याच क्रमाने म्हणायचे असतात. समकालिक प्रक्रियेत आकृत्यांमधला परस्परसंबंध ओळखायचा असतो. अवधानात एक गोष्ट समोर दिसत असताना तिच्याकडे दुर्लक्ष करून दुसरीवर उत्तर द्यायचं असतं. नियोजनात काम सोपंच असतं, पण ते कुठल्या पद्धतीने करायचं हे मुलाने ठरवायचं असतं. आणि इथे माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट आहे: मूल काय पद्धत वापरतंय हे परीक्षकाने बघून नोंदवायचं, आणि नंतर मुलालाच विचारायचं, 'तू हे कसं केलंस?'

आता ती दोन मुलं. दासांच्या मांडणीप्रमाणे शब्द अक्षराअक्षराने उलगडून वाचणं क्रमिक प्रक्रियेवर जास्त टेकलेलं असतं, आणि वाचलेल्याचा अर्थ जुळवणं समकालिक प्रक्रियेवर. 'सजमूत' म्हणणाऱ्याचा क्रम सुटत होता, घडाघडा वाचणारीला तुकड्यांचं चित्र बनवता येत नव्हतं. अधिक सराव देऊन पहिला आणखी थकला असता आणि दुसरी न समजता आणखी भराभर वाचायला लागली असती.

ज्यांनी मुलांच्या चाचण्या करून घेतल्या आहेत, घेतल्या जाताना पाहिल्या आहेत, किंवा यातलं संख्याशास्त्र जाणतात, त्यांनी जरूर लिहा.

---

मोरपीस

अनुस्वारताई, तुमचा धागा मी सकाळपासून तिसऱ्यांदा वाचतेय.

आम्ही परदेशात असतो. नऊ वर्षांच्या लेकीची चाचणी गेल्या महिन्यात झाली आणि ती हीच, कॅस. मला नाव ठाऊक होतं, अर्थ नाही. आम्हाला दहा मिनिटांत अहवाल वाचून दाखवला, एकूण गुणांक 'सरासरीपेक्षा कमी' एवढंच ठासून सांगितलं आणि पुढची वेळ सहा महिन्यांनंतरची दिली. घरी येऊन मी रडले. लेक विचारत होती, 'मी नापास झाले का?'

अहवालात चार वेगळे आकडे आहेत, त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नियोजन ८२, अवधान ९४, समकालिक १०१, क्रमिक ७९. तिची तक्रार तुमच्या पहिल्या मुलासारखीच आहे. चाचणी इंग्रजीत झाली, आम्ही घरी मराठीच बोलतो. याने फरक पडतो का?

---

पाटीवाला

वाचतोय. सविस्तर नंतर लिहितो. मोरपीस, मुलीला आजच सांगा की या परीक्षेत नापास नावाचा प्रकारच नसतो.

---

सरासरी

लेख आवडला, पण एक बाजू सुटली आहे.

१९९९ मध्ये जॉन क्रान्झलर आणि टिमथी कीथ यांनी कॅसच्याच प्रमाणीकरणाची आकडेवारी घेऊन स्वतंत्र घटक विश्लेषण केलं, म्हणजे कुठले गुण एकत्र वरखाली होतात ते तपासलं. त्यांना नियोजन आणि अवधान हे दोन घटक एकमेकांपासून नीट सुटे करता आले नाहीत. दोघांतला सहसंबंध फार मोठा निघाला. त्यांचं म्हणणं, हे दोन्ही मिळून मुख्यतः कामाचा वेग मोजतात, आणि चारही मोजपट्ट्यांमागे स्पिअरमनची सामान्य बुद्धी आहेच. नॅग्लिएरींनी याला उत्तर दिलं आणि वाद पुढे चालू राहिला. पण 'चार प्रक्रिया, चार आकडे' हे सिद्ध सत्य म्हणून मांडू नये.

दुसरं, मोरपीस यांच्यासाठी. कुठलाही गुणांक हा एक आकडा नसतो, पट्टा असतो. समजा एखाद्या मोजपट्टीची विश्वसनीयता (पुन्हा मोजल्यावर आकडा किती टिकतो ते, १ म्हणजे पूर्ण) ०.८८ आहे. मापनाची प्रमाण त्रुटी = १५ × √(१ − ०.८८) = सुमारे ५.२. दोन मोजपट्ट्यांतला फरक बघताना दोन्हींच्या त्रुटी मिसळतात, म्हणून ५.२ × √२ = सुमारे ७.३५. त्याला १.९६ ने गुणलं तर १४.४. म्हणजे दोन गुणांकांतला फरक १४ च्या आत असेल तर तो निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. शिवाय चार आकड्यांच्या जोड्या सहा होतात. सहा वेळा बघितलं की एखादी जोडी उगीचच मोठी दिसते. त्यासाठी उंबरठा वाढवला (१.९६ ऐवजी साधारण २.६४) तर तो १९.४ वर जातो.

तुमच्या मुलीचं: समकालिक १०१ आणि क्रमिक ७९, फरक २२. हा कडक उंबरठाही ओलांडतो, म्हणून याकडे लक्ष द्यावं. समकालिक १०१ आणि नियोजन ८२, फरक १९. काठावर आहे, यावर काही उभारू नका. अवधान ९४ आणि नियोजन ८२, फरक १२. हा सोडून द्या. (०.८८ मी उदाहरणादाखल धरलंय. अहवालात प्रत्येक गुणांकाचा विश्वासपट्टा छापलेला असतो, तो पाहा.)

---

अनुस्वार

सरासरी, मनापासून आभार. हा हिशेब प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर असायला हवा. क्रान्झलर-कीथ यांचा लेख मी वगळायला नको होता. नियोजन आणि अवधान यांच्या सीमारेषेबद्दल माझ्याही मनात शंका आहे. खोलीत बसून बघताना बरेचदा कळत नाही की मुलाचं लक्ष उडालं म्हणून पद्धत बिघडली, की पद्धतच नव्हती म्हणून कंटाळून लक्ष उडालं. क्रमिक आणि समकालिक यांतला फरक मात्र मला आकड्यांतही दिसतो आणि समोर बसलेल्या मुलातही. त्या जोडीवर मी जास्त भरवसा ठेवते.

मोरपीस, भाषेचा प्रश्न तुम्ही अगदी नेमका विचारलात. फरक पडतो, आणि तो सगळीकडे सारखा पडत नाही. आकृत्यांच्या कामात भाषा कमी लागते. पण वाक्य ऐकून जसंच्या तसं परत म्हणायचं असेल तर ज्या भाषेत मूल विचार करतं तिच्यात ते जास्त लांब वाक्य धरून ठेवू शकतं. क्रमिकमधल्या तिन्ही उपचाचण्यांचे वेगवेगळे गुण मागून घ्या. सुटे शब्द म्हणण्यातही ती तितकीच अडली असेल तर क्रम धरण्याचीच अडचण असण्याची शक्यता वाढते. फक्त वाक्यांवर पडली असेल तर मी इंग्रजीवर संशय घेईन.

एकूण गुणांकाबद्दल: ७९ आणि १०१ ची सरासरी काढली की ९० येतात, पण त्या मुलीत ९० कुठेच नाही.

---

जोडाक्षर

वाचनाच्या मुद्द्यावरून एक निरीक्षण. 'क्रमिक प्रक्रिया शब्द उलगडण्यासाठी' हे संशोधन मुख्यतः रोमन लिपीतल्या मुलांवर झालंय. तिथे अक्षरं डावीकडून उजवीकडे एका रांगेत येतात आणि उच्चारही साधारण त्याच क्रमाने होतो.

देवनागरीत तसं नाही. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि उच्चार मात्र 'क' नंतर होतो. उकार खाली, मात्रा वर, रफार त्याच्या जागेपासून सरकून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. 'सूर्य' मधला 'र' बघा: बोलताना 'य'च्या आधी, लिहिताना 'य'च्या वर. म्हणजे एक अक्षर ओळखायचं तरी त्याचे वर-खाली-आजूबाजूचे तुकडे एकाच नजरेत घ्यावे लागतात (समकालिक), आणि मग ती अक्षरं ओळीने जोडावी लागतात (क्रमिक). माझ्या मते मराठी वाचताना मुलाला दोन्ही प्रक्रिया पहिल्याच पायरीवर लागतात. त्यामुळे इंग्रजी वाचनावर बसवलेली 'ही प्रक्रिया इथे, ती तिथे' अशी वाटणी मराठीत उचलून आणताना जपून.

मोरपीस, तुमची लेक मराठी वाचते का? तिथे ती कशी अडते हे ऐकायला मला खरंच आवडेल.

---

अनुस्वार

हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. चुका लिहून ठेवताना मी आता दोन रकाने करणार: क्रम उलटला की वेलांटी-उकार सुटला.

---

पाटीवाला

सविस्तर लिहितो म्हणालो होतो. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. ताईंनी लिहिलेल्या 'तू हे कसं केलंस?' या प्रश्नापाशी थांबलो, कारण माझी सगळी नोकरी या एका प्रश्नावर गेली.

एक मुलगा आठवतो. वजाबाकी हमखास चुकायची. वहीत फुल्याच फुल्या. एकदा त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि म्हटलं, उत्तर नको, तू जे मनात करतोस ते मोठ्याने बोल. तो बोलू लागला: 'पाचातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून पाच...' आणि तिथेच थांबला. मीही काही बोललो नाही. त्याने स्वतःच खोडून हातचा घेतला. बोलल्याशिवाय त्याला स्वतःची चूक ऐकू येत नव्हती. नियम त्याला पाठ होता, हे महत्त्वाचं. मी वर्षभर त्याला नियमच पुन्हा पुन्हा सांगत होतो.

दासांनी यावर काही अभ्यास केलाय का?

---

अनुस्वार

गुरुजी, केलाय, आणि मला त्यांचं हे काम सगळ्यात जवळचं वाटतं. १९९० मध्ये कॉर्मिए, कार्लसन आणि दास यांनी मुलांना आकृत्यांचे कोडेवजा प्रश्न सोडवताना मोठ्याने बोलायला लावलं. ज्यांचं नियोजन कच्चं होतं त्यांना बोलण्याने जास्त फायदा झाला. ज्यांचं आधीच चांगलं होतं त्यांना तेवढा नाही, कारण ती मुलं तसंही मनातल्या मनात स्वतःशी बोलतच असतात. पुढे १९९७ मध्ये नॅग्लिएरी आणि सुझन गॉटलिंग यांनी गणिताच्या वर्गात हेच वेगळ्या रीतीने केलं. मुलांना गणितं दिली, मधे थांबवून 'तुम्ही कशी केली, काय जमलं, पुढच्या वेळी काय वेगळं कराल' यावर आपसात बोलू दिलं, आणि परत गणितं दिली. शिक्षक पद्धत सांगत नव्हते. कमी नियोजन असलेल्या मुलांची प्रगती जास्त दिसली.

तुमचा मुलगा मला तंतोतंत यातला वाटतो. त्याला नियम येत होता, तो वापरताना स्वतःवर नजर ठेवणारं कुणी आत नव्हतं.

---

चिकित्सक

मी शिक्षणशास्त्रातल्या संशोधनाशी संबंधित आहे, म्हणून दोन अडचणी मांडतो.

पहिली: बुद्ध्यांक आणि शालेय गुण यांतल्या तफावतीवरून अध्ययन अक्षमता ठरवण्याची पद्धत अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यानंतर रुजली. तीत मूल पुरेसं मागे पडेपर्यंत तफावतच दिसत नाही. तोपर्यंत वाट बघायची आणि मग मदत. कॅनडाच्याच लिंडा सीगल यांनी १९८९ मध्ये स्पष्ट मांडलं की वाचनाची अडचण ओळखायला बुद्ध्यांकाची गरज नाही. कमी बुद्ध्यांक असलेली कच्ची वाचक मुलं आणि जास्त बुद्ध्यांक असलेली कच्ची वाचक मुलं वाचताना सारख्याच ठिकाणी अडतात. २००४ च्या अमेरिकी कायद्याने राज्यांना तफावतीची सक्ती करायला मनाई केली. मग प्रश्न असा: जर थेट वाचनच तपासून शिकवणं सुरू करता येतं, तर मधे चार प्रक्रिया मोजण्याचा खर्च आणि ताण मुलावर का टाकायचा?

दुसरी अडचण हस्तांतरणाची. मेंदूच्या एखाद्या क्षमतेला कसरत दिली म्हणून शाळेतला विषय सुधारत नाही. कार्यकारी स्मृतीच्या (काम करताना माहिती डोक्यात धरून ठेवण्याच्या क्षमतेच्या) प्रशिक्षणावर मेल्बी-लेर्वोग आणि चार्ल्स हुल्म यांनी २०१३ मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. मुलं सराव केलेल्या कामात सुधारली, पण वाचन किंवा गणितात त्याचा उपयोग दिसला नाही. दास यांचा वाचन सुधारण्यासाठीचा 'प्रेप' कार्यक्रमही याच जातीचा नाही का?

---

अनुस्वार

चिकित्सक, दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण प्रेप मी स्वतः चालवलाय.

कार्यकारी स्मृतीच्या खेळांत मूल तेच काम अधिकाधिक अवघड पातळीवर करत राहतं, पडद्यासमोर, एकटं. प्रेपमध्ये प्रत्येक कामाचे दोन भाग असतात. पहिल्यात वाचन नसतं, आकार-चित्रं असतात. दुसऱ्यात तीच युक्ती अक्षरं आणि शब्दांवर वापरायची असते. हा दुसरा भाग म्हणजे पूल. दास यांना हस्तांतरणाची अडचण ठाऊक होती, म्हणूनच तो पूल कार्यक्रमात आधीच बांधलेला आहे. आणि नियम सांगायचा नसतो. मूल बोलतं, चुकतं, स्वतः शोधतं. एका मुलीने रंगीत तुकड्यांची रांग लक्षात ठेवताना ती चालीत गुणगुणायला सुरुवात केली. आठवड्याने तिने एक लांब शब्द त्याच चालीत तोडून वाचला. मी तिला सांगितलं नव्हतं.

पुरावा किती? दास, मिश्रा आणि पूल यांचा १९९५ चा अभ्यास, कार्लसन-दास १९९७, हेवर्ड-दास-जॅन्झन यांचं कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स (तिथल्या मूळ रहिवासी) मुलांसोबतचं २००७ चं काम, आणि महापात्रा, दास व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये भारतातल्या, इंग्रजी दुसरी भाषा असलेल्या चौथीच्या मुलांवर केलेला अभ्यास. निकाल आशादायक आहेत, पण गट लहान आहेत. लहान गटांवरून मोठा दावा मी करणार नाही. शिवाय यातले बरेचसे अभ्यास दास यांच्याच सहभागाने झाले आहेत हेही लक्षात ठेवायला हवं.

पहिल्या प्रश्नावर मी तुमच्याशी अर्धी सहमत आहे. पहिली-दुसरीतलं मूल वाचनात मागे दिसलं की चाचणीची वाट न बघता ध्वनी आणि अक्षरं नीट शिकवायला लागावं. बहुतेक मुलं तेवढ्यानेच सावरतात. चाचणी हवी ती तेवढं करूनही न सावरणाऱ्या मुलांसाठी. 'शिकवलं, तरी येत नाही' असं झाल्यावर पुढे काय करायचं याचं उत्तर नुसत्या वाचनाच्या तपासणीत मिळत नाही.

आणखी एक कारण आहे, ते मला सोडवत नाही. अमेरिकेत नेहमीच्या बुद्धिचाचण्यांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या सरासरीत सुमारे १५ गुणांचा फरक वर्षानुवर्षं नोंदवला गेला. नॅग्लिएरी आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कॅसवर तोच फरक पाहिला. घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर तो ४.८ निघाला. शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञान चाचणीतून काढल्याचा हा परिणाम आहे असं मी मानते. ज्यांच्या घरी पुस्तकं नाहीत त्या मुलाला 'बुद्धी कमी' ठरवून वेगळ्या वर्गात पाठवणारी चाचणी आणि न पाठवणारी चाचणी यांतला फरक त्या मुलाच्या अख्ख्या आयुष्यावर पडतो.

---

सरासरी

१५ आणि ४.८ यांची थेट तुलना नको. एक कच्चा फरक आहे, दुसरा परिस्थितीचे घटक वजा केल्यानंतरचा. परिस्थिती वजा केली की नेहमीच्या चाचण्यांतलाही फरक कमी होतो. दिशेबद्दल सहमत, अंतराबद्दल नाही.

---

अनुस्वार

बरोबर आहे. मी दोन वेगळ्या जातीचे आकडे शेजारी ठेवले. वाचणाऱ्यांनी वरचा परिच्छेद या दुरुस्तीसह वाचावा.

---

कोरा कागद

लहानपणी माझी अशीच चाचणी झाली होती. मला आकडा कधीच सांगितला नाही, पण त्यानंतर घरात माझ्याशी सगळे हळू आवाजात बोलायला लागले. आज या धाग्यावर पहिल्यांदा कळतंय की त्या बंद लिफाफ्यात माझ्याबद्दल आणखीही काही असू शकलं असतं. मोरपीस, तुमच्या मुलीला ते चार आकडे तिच्या भाषेत समजावून सांगा. तिला जे येतं ते आधी.

---

मोरपीस

सगळ्यांचे आभार. तीन दिवसांनी लिहितेय, कारण मधे बरंच काही झालं.

मी केंद्राला पत्र लिहून उपचाचण्यांचे गुण मागितले. क्रमिकमधले तीन: सुटे शब्द ६, वाक्य परत म्हणणं ५, वाक्यावरचे प्रश्न ९. सरासरी १० असते असं पत्रात लिहिलंय. म्हणजे सुट्या शब्दांवरही ती अडलीच होती. विश्वासपट्टाही मिळाला, ७३ ते ८८.

जोडाक्षर, तिला मराठी वाचायला बसवलं. वेलांट्या-उकार एकदाही चुकली नाही! 'सूर्य' सहज वाचलं. पण 'महाविद्यालय' वाचताना 'महालविद्याय' झालं. 'पुनरावलोकन' तर मधेच सोडून दिलं. तुमचे दोन रकाने केले तर सगळ्या चुका एकाच रकान्यात जातात.

कोरा कागद, तुमचं वाचून मी तिला जवळ घेऊन बसले. आकडे नाही सांगितले. म्हटलं, तुला चित्रं आणि नकाशे एका नजरेत कळतात, ते पुष्कळांना जमत नाही. आणि लांब शब्दातले डबे तुझ्या हातून पुढेमागे होतात, ते आपण लावायला शिकू. ती म्हणाली, 'मग मी शब्दाचं चित्र काढू का?' आणि तिने 'महाविद्यालय' एका आगगाडीत लिहिलं, प्रत्येक डब्यात एक अक्षर. मग बोट ठेवत मोठ्याने वाचलं. बरोबर.

हे तिला करू द्यावं का? की यामुळे तिला चित्राशिवाय वाचायची सवयच लागणार नाही?

---

अनुस्वार

करू द्या. तिने स्वतःच्या समकालिक ताकदीवर क्रमिक काम उभं केलंय, आणि ते तिचं तिने शोधलंय. रोज चार-पाच लांब शब्द, जास्त नकोत. साधारण पंधरा दिवसांनी डबे पुसायचे आणि फक्त अक्षरांखाली छोट्या रेघा ठेवायच्या, मग रेघाही काढायच्या. दर वेळी आधी विचारा, 'आता कसं वाचणार आहेस?' तिचं नियोजन ८२ काठावर आहे, सरासरींनी सांगितल्याप्रमाणे त्यावर काही उभारायचं नाही, पण हा प्रश्न विचारल्याने तोटा कुणाचाच नाही. शब्द आणि चुका तारीख घालून वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनंतरच्या भेटीला ती वही घेऊन जा.

---

पाटीवाला

आणि शब्द तिलाच निवडू द्या. 'पुनरावलोकन' तिने सोडून दिलाय, तो तीच परत मागेल.

---

मोरपीस

गुरुजी, आत्ता मागितला. आठ डबे काढलेत. मी म्हटलं सातच पुरतील, तर म्हणाली आठवा इंजिनाचा.